पोळ्यांचा अंदाज आणि एआयचं गणित (मुलीच्या पुस्तकातलं काही कळेना, कुणीतरी समजवा)

पोळपाट_लाटणं

नमस्कार मंडळी. लेकीने इंजिनिअरिंगला एआय अँड डेटा सायन्स घेतलंय, सेकंड इयर. परवा तिची वही उघडी पडलेली बघितली तर पानभर ग्रेडियंट, लॉस, वेट, उलटा त्रिकोण आणि कसलेकसले ग्रीक. विचारलं तर म्हणते आई तुला नाही कळणार, त्याला मॅथ्स लागतं. आता मी दहावी मराठी मीडियम, मग कॉमर्स, गणितात १५० पैकी ११८ होते हो मला, अगदीच ढ नव्हते. सध्या पोळीभाजी केंद्र चालवते, रोजचा हिशोब तोंडी करते. माझा प्रश्न एवढाच की या एआयच्या पोटात नक्की कुठलं गणित आहे आणि ते माझ्यासारखीला कळू शकतं का. कृपया "यूट्यूब बघा" असं सांगू नका, बघितलं, त्यात तो मुलगा दुसऱ्या मिनिटाला मॅट्रिक्सवर जातो.

तिरपी_रेघ

ताई नक्की कळेल. दहावीच्या भूमितीत "रेषेचा चढ" होता आठवतोय? निर्देशक भूमितीच्या धड्यात. तो आठवत असेल तर अर्धं काम झालं, खरंच, उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये.

आधी मला तुमच्याकडची तीन खरी गिऱ्हाईकं सांगा, किती माणसं आणि किती पोळ्या. त्यावरच करू, पुस्तकातली घरांच्या किमतीची उदाहरणं मलाही कंटाळवाणी वाटतात.

पोळपाट_लाटणं

चढ आठवतो, वाय दोन वजा वाय एक भागिले एक्स दोन वजा एक्स एक. काल संध्याकाळच्या ऑर्डरी: २ माणसं ७ पोळ्या, ४ माणसं १३ पोळ्या, ५ माणसं १४ पोळ्या.

कोल्हापुरी_कट्टर

पोळी म्हणजे पुरणाची. ह्याला चपाती म्हणतात. बाकी चालू द्या.

तिरपी_रेघ

(कट्टर, तो धागा वेगळा काढा, हजार प्रतिसाद पडतील.)

तर ताई, समजा मशीनला पोळ्यांबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही. त्याच्याकडे एकच खुंटी आहे, रेडिओच्या बटणासारखी, तिचं नाव "माणशी पोळ्या". अंदाज = खुंटी गुणिले माणसं, बास. सुरुवातीला खुंटी कुठेतरी लावायची म्हणून १ वर लावली. मग मशीनचे अंदाज येतील २, ४ आणि ५. खरे आकडे ७, १३, १४. म्हणजे चुका झाल्या उणे ५, उणे ९, उणे ९. (अंदाज वजा खरं, या क्रमाने घ्या म्हणजे चिन्हाचा घोळ होणार नाही.)

आता या चुकांचा एक आकडा करायचा म्हणून वर्ग करतात, २५ + ८१ + ८१ = १८७, भागिले ३, म्हणजे साधारण ६२. हाच तुमच्या लेकीच्या वहीतला "लॉस". वर्ग का, तर एक म्हणजे उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत आणि दुसरं म्हणजे मोठी चूक जास्त बोचते, ९ ची चूक ही ३ च्या चुकीच्या तिप्पट नाही तर नऊपट वाईट धरली जाते.

आता असा विचार करा की खुंटीच्या प्रत्येक जागेसाठी हा लॉस काढला आणि कागदावर ठिपके मांडले तर एक वाटी तयार होते, कढईचा छेद घेतल्यासारखी. आपल्याला कढईच्या तळाशी जायचंय. पण मशीनला कढई दिसत नाही, ते डोळे बांधून उभं आहे, त्याला फक्त पायाखालचा चढ कळतो. चढ डावीकडे असेल तर उजवीकडे पाऊल टाक, एवढंच. त्यालाच ग्रेडियंट डिसेंट म्हणतात आणि त्या नावाची उगाच भीती बसलीय लोकांना.

चढ काढायची रीत: प्रत्येक ऑर्डरची चूक गुणिले तिथली माणसं. -५×२ = -१०, -९×४ = -३६, -९×५ = -४५. बेरीज -९१. भागिले ३, गुणिले २ (ते २ वर्गाच्या डेरिव्हेटिव्हमधून, म्हणजे चढ काढायच्या नियमातून, येतं), उत्तर -६०.६७. माणसांनी का गुणायचं, तर खुंटी थोडीशी हलवली की ५ माणसांच्या ऑर्डरीत फरक पाचपट पडतो म्हणून त्या ऑर्डरीचं म्हणणं जास्त ऐकायचं.

उणे आलं म्हणजे खुंटी वाढवायची. किती? चढाचा छोटासा तुकडा, समजा ०.०१ पट. म्हणजे ०.६१. नवी खुंटी १.६१. परत सगळं पहिल्यापासून. मग येतं २.०३, मग २.३३, असं करत दहाव्या फेरीला २.९७ च्या आसपास आणि विसाव्या फेरीला ३.०२. तिथे अडकून राहतं कारण तो तळ आहे.

माणशी तीन पोळ्या. कुणीही सांगितलं नाही त्याला. हे "शिकणं".

पोळपाट_लाटणं

थांबा थांबा, एवढंच?? मी वहीत करून बघते. माणशी तीन हे मला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलेलं 😀

थर्ड_इयर

मी एक्सेलमध्ये केलं सेम टू सेम पण ०.०१ च्या जागी ०.१ टाकलं, म्हटलं लवकर होईल. खुंटी १ वरून ७.०७ वर गेली, मग उणे ५.०७, मग १९.२, मग उणे २९.३. माणशी उणे २९ पोळ्या म्हणजे पाहुण्यांकडून वसूल करायच्या का?

तिरपी_रेघ

हाहा, भारी. हे सगळ्यांनी एकदा करून बघावं असं आहे. पाऊल फार मोठं पडलं की माणूस कढईच्या तळाला न थांबता पलीकडच्या काठावर चढतो, तिथला चढ अजून तीव्र म्हणून पुढचं पाऊल अजून मोठं, असा उधळतो. या उदाहरणात हिशोब सोपा आहे, प्रत्येक फेरीला तळापासूनचं अंतर (१ वजा ३० गुणिले पाऊल) पट होतं. पाऊल ०.०१ असेल तर ०.७ पट, म्हणजे दर वेळी तीस टक्के जवळ. ०.१ असेल तर उणे २ पट, म्हणजे दर वेळी पलीकडे आणि दुप्पट लांब. ०.०५ टाकून बघ, उणे अर्धा पट येईल, इकडून तिकडे झोके खात खात तळाशी बसेल.

हे पाऊल किती ठेवायचं याला लर्निंग रेट म्हणतात. ३० हा आकडा इथे आपल्याला काढता आला म्हणून बरं, खऱ्या मॉडेलमध्ये (म्हणजे अशा खुंट्यांच्या मशीनमध्ये) तो असा हातात येत नाही, मग लोक आधी थोडं वाढवतात, मग हळूहळू कमी करतात, त्यावर रात्रीच्या रात्री जातात.

थर्ड_इयर

पण सर एक डाउट. माणसं × पोळ्यांची बेरीज १३६, माणसांच्या वर्गांची बेरीज ४५. १३६ भागिले ४५ = ३.०२. डायरेक्ट उत्तर आलं की, वीस फेऱ्या कशाला?

तिरपी_रेघ

बरोबर, इथे फेऱ्यांची काहीच गरज नाही. ती पद्धत लेजांद्र नावाच्या फ्रेंच गणितीने १८०५ साली छापली, आणि जर्मन गणिती गाऊसने १८०९ मध्ये "मी तर १७९५ पासून वापरतोय" म्हणून वाद घातला. पण सरळ सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा अंदाज खुंट्यांशी सरळ रेषेत बांधलेला असतो आणि खुंट्या मोजक्या असतात. जीपीटी-३ या भाषेच्या मॉडेलमध्ये १७,५०० कोटी खुंट्या होत्या आणि रेषा सरळ नव्हती. तिथे सूत्रबित्र काही नाही, डोळे बांधून उतरत जाणं एवढंच हातात. ही उतरायची कल्पना पण जुनीच, कोशी नावाच्या फ्रेंच गणितीची, १८४७ ची.

नमुना_पाहणी

गाऊसचा विषय निघालाच आहे तर सेरेस नावाच्या बटुग्रहाची गोष्ट सांगायलाच हवी. १ जानेवारी १८०१ ला पियाझी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला सिसिलीत एक अंधुक ठिपका दिसला, त्याने काही आठवडे मागोवा घेतला आणि मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. परत कुठे शोधायचा? चोवीस वर्षांच्या गाऊसने त्या मोजक्या निरीक्षणांवरून कक्षा मांडली आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री तो सांगितल्या जागेच्या जवळच सापडला. तिथे निरीक्षणं मोजकीच पण मॉडेल बळकट, ग्रहांच्या गतीचे नियम माहीत होते. आज उलटं आहे, नियम माहीत नाही म्हणून ठिपक्यांचा डोंगर लागतो. बिग डेटा हा शब्द ऐकला की मला हे आधी आठवतं.

आबा_सातारकर

हे सगळं आपल्या भास्कराचार्यांनी आधीच लिहून ठेवलंय. तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणीचा वेग. डेरिव्हेटिव्ह तेच. आपल्या लोकांना किंमत नाही.

नमुना_पाहणी

आबा, तात्कालिक गती सिद्धांतशिरोमणीत आहे हे खरंच आहे, ११५० चा ग्रंथ, आणि ज्येच्या (साइनच्या) फरकाचा कोज्येशी (कोसाइनशी) संबंध त्यांना माहीत होता ही मोठी गोष्ट आहे. पण तिथून कोशीपर्यंत किंवा आजच्या मॉडेलपर्यंत धागा ओढता येत नाही, तसा पुरावा नाही. अभिमानच हवा असेल तर जवळचा घ्या की. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी कोलकात्यात १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी केली, त्यांचं १९३६ चं महालनोबिस अंतर आजही डेटातले विचित्र नग हुडकायला रोज वापरलं जातं. नाहीतर नरेंद्र करमरकर, आयआयटी मुंबईचे, १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना लिनिअर प्रोग्रॅमिंगची (अटी पाळून कमीत कमी खर्च किंवा जास्तीत जास्त फायदा काढायच्या गणिताची) नवी पद्धत काढली, कोपऱ्याकोपऱ्याने फिरण्याऐवजी आतून रस्ता कापत जाणारी. तिचा न्यूरल नेटवर्कशी (आजच्या एआयमधल्या थराथराच्या मॉडेलशी) थेट संबंध नाही पण वेळापत्रकं, वाहतूक, असल्या कामात त्या घराण्यातल्या पद्धती चालतात.

आबा_सातारकर

करमरकर माहीत नव्हते. आभारी आहे.

पोळपाट_लाटणं

मी केलं!! वहीत सात फेऱ्या केल्या, २.८५ आलं, आणि पुढे कंटाळा आला. लेकीला दाखवलं, ती दोन मिनिटं गप्प बसली मग म्हणाली बायस टर्म विसरलीस. म्हणजे काय आता?

तिरपी_रेघ

म्हणजे दुसरी खुंटी. अंदाज = खुंटी × माणसं + कायमची भर. वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी मधला सी. कितीही माणसं असोत, काही पोळ्या वरच्या लागतातच की, डब्यात राहायला, दारातल्या कुत्र्याला.

तुमच्या तीन ठिपक्यांवर दोन खुंट्यांचं उत्तर मी काढलं आणि गंमत म्हणजे दोन्ही खुंट्या सारख्याच आल्या, २.४३ आणि २.४३. (नेमकं १७ भागिले ७.) म्हणजे सूत्र असं वाचता येतं: २.४३ × (माणसं + १). घरात मोजली त्यापेक्षा एक माणूस कायम जास्त जेवतो!

पोळपाट_लाटणं

अगंबाई. खरंच आहे हे. ऑर्डर देताना लोक "आम्ही दोघंच" म्हणतात आणि एक मुलगा असतोच.

सरळमार्गी

माफ करा पण हे फसवं आहे. तीन ठिपके आणि त्यात एक जादाचा माणूस शोधून काढला? तो योगायोग आहे, काल एखादी चौथी वेगळी ऑर्डर आली असती तर हा पाहुणा गायब. एआयवाले हेच करतात, आकड्यात गोष्ट घुसवतात.

तिरपी_रेघ

मान्य, दोन्ही आकडे सारखे येणं योगायोगच आहे. आणि तुमचा मुद्दा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून जरा पुढे नेतो. एका खुंटीवर चुकांच्या वर्गांची बेरीज २.९८ येते, दोन खुंट्यांवर १.१४. आता तिसरी खुंटी जोडू, माणसांच्या वर्गाची. तीन ठिपके, तीन खुंट्या, तर वक्ररेषा तिन्ही ठिपक्यांतून बरोब्बर जाते, चूक शून्य. मॉडेल एकदम शंभर टक्के!

आता त्याच मॉडेलला विचारा ८ माणसांना किती. उत्तर ९ पोळ्या. १० माणसांना? उणे १.

४ वरून ५ माणसांवर जाताना एकच पोळी वाढली होती ना, ते त्याने मनावर घेतलं आणि रेघ वाकवून खाली आणली. पाठांतर केलेल्या पोरासारखं, पुस्तकातलं गणित पैकीच्या पैकी आणि आकडे बदलले की भोपळा. ओव्हरफिटिंग म्हणतात ते हेच. म्हणून काही ठिपके मशीनपासून लपवून ठेवायचे आणि शेवटी त्यावरच परीक्षा घ्यायची. ज्या मॉडेलची लपवलेल्या ठिपक्यांवर परीक्षा झालेली नाही त्याच्या टक्क्यांना काडीची किंमत देऊ नका, मग ते कुणाच्याही जाहिरातीत असो.

थर्ड_इयर

आमच्या मिनी प्रोजेक्टला ९९ टक्के आलेत... मी जाऊन बघतो जरा.

पोळपाट_लाटणं

इथपर्यंत कळलं. पण हे तर पोळ्या झाल्या. ते चित्र ओळखतं, मराठीत बोलतं, ते या खुंट्यांतून कसं होतं?

तिरपी_रेघ

खुंट्यांचे थर लावतात. एका थराचा निकाल पुढच्या थराला. पण इथे एक ग्यानबाची मेख आहे. नुसत्या सरळ रेघांचे थर लावून काही होत नाही, २ ने गुणलं, मग ३ ने गुणलं, म्हणजे शेवटी ६ ने गुणलं, सरळच राहिलं. शंभर थर लावा, एकाच थराचं काम. म्हणून मध्ये एक वाकण घालायची. सगळ्यात साधी वाकण अशी: उत्तर उणे आलं तर शून्य धर, नाहीतर आहे तसं पुढे पाठव. तुम्हीपण तेच करता ना, उणे पोळ्या नसतात, शून्य धरता. रेलू म्हणतात त्याला, आणि एवढ्याशा वाकणीने हजारो तुकडे जोडून पाहिजे तो आकार काढता येतो.

मग प्रश्न येतो की शेवटी चूक झाली तर आतल्या हजार खुंट्यांपैकी दोष कुणाचा. पोळी करपली. भाजणारी म्हणते लाटणारीने पातळ लाटली, लाटणारी म्हणते कणीक सैल होती, मळणारी म्हणते पीठच तसं. शेवटाकडून मागे मागे जात प्रत्येकीच्या वाट्याचा दोष काढायचा, आणि ज्याचा जितका दोष तितकी त्याची खुंटी फिरवायची. गणितात हा बारावीतला चेन रूल, एका चाकाने दुसरं तिप्पट फिरतं आणि दुसऱ्याने तिसरं दुप्पट तर पहिल्याने तिसरं सहापट. याला बॅकप्रोपगेशन म्हणतात, १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने ते गाजलं. त्यातल्या हिंटनना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, हॉपफील्डबरोबर.

बोलण्याचं सांगायचं तर ते पुढचा शब्द ओळखतं. "गरमागरम" नंतर काय? मशीन प्रत्येक शब्दाला गुण देतं, समजा पोळीला २, चहाला १, बातमीला ०. गुणांची टक्केवारी करायची म्हणून २.७१८ या आकड्याचे तेवढे घात घेतात, ७.३९, २.७२ आणि १. बेरीज ११.११. म्हणजे पोळी ६६.५ टक्के, चहा २४.५, बातमी ९. मग त्या टक्क्यांनुसार चिठ्ठी उचलल्यासारखा शब्द उचलतात, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं.

नमुना_पाहणी

याचंही मूळ जुनं. मार्कोव्ह नावाच्या रशियन गणितीने १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातली पहिली २०,००० अक्षरं घेतली आणि स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजनामागून स्वर किती वेळा, हे हाताने मोजलं. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. मागचं अक्षर माहीत असलं की पुढच्याचा अंदाज सुधारतो एवढंच त्याला दाखवायचं होतं. आजची मॉडेलं मागचं एक अक्षर नाही तर पानंच्या पानं बघतात, २०१७ नंतर ट्रान्सफॉर्मर नावाची मॉडेलची रचना आल्यावर हे जमायला लागलं. तिथे कुठल्या शब्दाने कुठल्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं ते गुणाकारांच्या बेरजेने ठरतं. प्रत्येक शब्द म्हणजे आकड्यांची एक यादी, दोन याद्या जागच्या जागी गुणून बेरीज केली की जवळीक कळते. (३, ४) आणि (४, ३) घ्या: १२ + १२ = २४, दोन्हींची लांबी ५, म्हणून २४ भागिले २५ = ०.९६, अगदी जवळचे. ज्यांची दिशा काटकोनात त्यांचं शून्य.

हिंजवडीकर

मराठीबद्दल एक राहिलं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरात अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट घेतं. "पोळी" म्हणजे प, ओकार, ळ, ईकार, चार चिन्हं, १२ बाइट. इंग्लिशचं चार अक्षरी काम ४ बाइटात. मॉडेल शब्दांचे तुकडे पाडतं ते वारंवार येणाऱ्या जोड्या जोडून, आणि शिकवायला दिलेल्या मजकुरात मराठी कमी असेल तर आपल्या शब्दांचे बारीक बारीक तुकडे होतात, मग तेच वाक्य मराठीत महाग पडतं आणि चुका पण जास्त. मोजणीचा परिणाम आहे, मशीनचं काही वाकडं नाही आपल्याशी.

आणि बिग डेटाबद्दल कुणीच बोललं नाही अजून, आमची रोजीरोटी ती. ताई, समजा तुमच्या १०० शाखा झाल्या (होवोत). सगळ्या ऑर्डरींच्या वह्या एका खोलीत आणून मोजणार का? नाही. प्रत्येक शाखा आपापली वही मोजेल आणि फक्त बेरीज पाठवेल. याला मॅपरिड्यूस म्हणतात, गूगलच्या डीन आणि घेमावत यांनी २००४ मध्ये लेख लिहिला, त्यावरून पुढे हडूप आलं, हेच काम अनेक कॉम्प्युटरांवर वाटून करणारं सॉफ्टवेअर. ऐकायला बावळट वाटतं पण चूक कुठे होते बघा. एका शाखेच्या १० ऑर्डरी, सरासरी २० पोळ्या. दुसरीच्या १,००० ऑर्डरी, सरासरी ३०. दोन सरासऱ्यांची सरासरी २५. चूक! खरी सरासरी २९.९. म्हणून शाखेने सरासरी पाठवायची नाही, बेरीज आणि संख्या दोन्ही पाठवायच्या. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक करून अख्खा रिपोर्ट चुकवलाय, तीन आठवडे कुणाच्या लक्षात नाही आलं. आणि मधला आकडा, मीडियन, हवा असेल तर ही युक्ती सरळ चालतच नाही, मीडियनांची मीडियन काढून भागत नाही.

दुसरी माझी आवडती गोष्ट ब्लूम फिल्टर, बर्टन ब्लूमने १९७० मध्ये काढलेली. १ कोटी फोन नंबर आहेत, नवा नंबर आला की आधी येऊन गेलाय का ते झटकन सांगायचं. यादी ठेवायची नाही. त्याऐवजी शून्यांचा एक लांबच लांब फळा घ्या, नंबरामागे १० घरं, म्हणजे १० कोटी घरं, साडेबारा एमबीत मावतात. नंबर आला की सात वेगवेगळ्या सूत्रांनी सात घरं काढायची आणि तिथे खूण करायची. पुढच्या वेळी सातही घरांवर खूण असेल तर "बहुतेक येऊन गेलाय", एक जरी कोरं असेल तर "नक्की नाही". खोटं "हो" शंभरात एकापेक्षा कमी वेळा येतं, खोटं "नाही" कधीच नाही. नंबर कुठेच लिहिलेले नाहीत आणि तरी उत्तर मिळतं, मला अजूनही हे जादूसारखं वाटतं.

सरळमार्गी

डेटा जास्त म्हणजे उत्तर बरोबर, हा समज कुणी खोडणार का?

नमुना_पाहणी

मी खोडतो, आवडीने. अमेरिका, १९३६ ची अध्यक्षीय निवडणूक. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २३ लाखांच्या वर परत आल्या. त्यांचं भाकीत, लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन जिंकले. पत्ते घेतलेले फोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवरून, मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे? शिवाय ज्यांचा रूझवेल्टवर राग होता त्यांनी जास्त आवर्जून पत्रिका परत पाठवल्या. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्या मानाने अगदी थोड्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. ठिपके कमी असल्याची चूक डेटा वाढवून कमी होते, पण एकाच बाजूचे ठिपके गोळा केल्याची चूक डेटा वाढवून वाढतच नाही, कमीही होत नाही, फक्त तुमचा आत्मविश्वास वाढतो.

पोळपाट_लाटणं

हे मला लागलं. माझ्या तिन्ही ऑर्डरी जवळच्या सोसायटीतल्या, नवराबायको दोघं ऑफिसला जाणारे. समोरच्या साइटवरच्या कामगारांची ऑर्डर घेतली तर माणशी सहा लागतात, ते ठिपके मी दिलेच नाहीत कारण ते दुपारी येतात आणि मी संध्याकाळची वही बघून लिहिलं.

कोल्हापुरी_कट्टर

सहा चपात्या. बरोबर.

थर्ड_इयर

अपडेट: आमच्या ९९ टक्क्यांत ट्रेनिंगचेच फोटो टेस्टमध्ये पण होते. काढल्यावर ७१. गाइडना सांगायचं का?

हिंजवडीकर

आजच सांग. व्हायवात दुसऱ्या कुणी काढण्यापेक्षा.

पोळपाट_लाटणं

मंडळी, रविवारी एक ऑर्डर आली, त्याच सोसायटीतून, १० माणसं. लेक म्हणाली आई थांब, हात लावू नकोस, ही आपली टेस्ट. एका खुंटीचं उत्तर ३०, दोन खुंट्यांचं २७ (२६.७ आलं, पाऊण पोळी कोण लाटतं), तीन खुंट्यांवाल्याला विचारलंच नाही, तो उणे एक म्हणणार. मी मनाने ३० पाठवल्या कारण कमी पडलेलं मला आवडत नाही. आज डबे परत आले तेव्हा विचारलं, ४ उरल्या म्हणे. म्हणजे २६ लागल्या.

आता हा चौथा ठिपका वहीत टाकून चढ परत काढायला बसलेय. कुणी उत्तर लिहू नका.